डॅक घरी नेल्यावर: जोडणी, सेटिंग आणि घुमणारा आवाज

लॅपटॉपच्या हेडफोनच्या जॅकमधून अँप्लिफायरला वायर दिली, की गाणं वाजताना सगळं ठीक वाटतं. गाणं थांबवून व्हॉल्यूम वाढवा. बारीक सुरसुर, माउस हलवला की किरकिर ऐकू येते. फायलीतल्या आकड्यांचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा भाग तिथे प्रोसेसर आणि वीजपुरवठ्याच्या शेजारी बसलेला असतो आणि त्यांचा गोंगाट उचलतो. डॅक (डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर) तेच काम वेगळ्या डब्यात करतो.

128 केबीपीएसच्या एमपी3 फायलीतून जे गळून गेलंय, ते डॅक परत आणत नाही. कोपऱ्यात खेटून ठेवलेल्या स्पीकरचा फुगलेला बासही आटोक्यात येत नाही. त्यासाठी स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढा. हा फुकटचा उपाय डॅक घेण्याआधीच करून बघा.

जोडणी

अँप्लिफायर बंद ठेवून डॅकच्या मागच्या लाल-पांढऱ्या आरसीए वायरी 'ऑक्स' किंवा 'सीडी' इनपुटला द्या. 'फोनो'ला कधीच नाही. ते इनपुट रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्ट सिग्नलसाठी असतं आणि डॅक साधारण 2 व्होल्ट देतो. आवाज फाटतो, बास नको तितका वाढतो.

विंडोजमध्ये साउंड सेटिंगमधून आउटपुट म्हणून डॅक निवडा. 'एन्हान्समेंट'च्या सगळ्या सोयी बंद करा. सीडीवरून उतरवलेली गाणी 44.1 किलोहर्ट्झची असतात, म्हणून फॉरमॅटही तोच ठेवा. 48 ठेवलं तर विंडोज वाटेत आकडे बदलून पुढे पाठवते. खरं सांगायचं तर हा फरक फार बारीक आहे, पण सेटिंग करायला मिनिटभरही लागत नाही. लॅपटॉपचा व्हॉल्यूम 100 वर नेऊन आवाज अँप्लिफायरवरून कमी-जास्त करा. गाणं लावण्याआधी अँप्लिफायरचा व्हॉल्यूम शून्यावर आहे ना, ते पाहा.

फोनला डॅक लावायचा तर बहुतेक वेळा ओटीजी अडॅप्टर (फोनला यूएसबी उपकरण जोडणारा) लागतो. डॅक चालू होऊन लगेच बंद पडत असेल, तर फोनची वीज त्याला पुरत नाही. डॅकला वेगळा पॉवर सॉकेट असेल तर तो वापरा.

टीव्हीच्या ऑप्टिकल वायरीच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लास्टिकच्या टोप्या असतात. त्या न काढता वायर दाबणारे ग्राहक आम्हाला नेहमी भेटतात. टीव्हीचं डिजिटल ऑडिओ आउटपुट 'पीसीएम'वर ठेवा. 'डॉल्बी'वर राहिलं, तर साधा डॅक गप्प बसतो किंवा नुसती खरखर करतो.

घुमणारा आवाज

सगळ्यात जास्त तक्रारी याच असतात, आणि दोष बहुतेक वेळा डॅकचा नसतो. लॅपटॉपचा तीन पिनचा चार्जर आणि अँप्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटमधून अर्थिंगला जोडले जातात, वायरींतून एक वेटोळं तयार होतं आणि 50 हर्ट्झची वीज स्पीकरमध्ये घुमते. चार्जर काढा. आवाज थांबला, तर कारण सापडलं. मग दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. तरीही राहिला, तर यूएसबी आयसोलेटर (लॅपटॉप आणि डॅकमधल्या यूएसबी वायरीत बसून हे वेटोळं तोडणारा) लागेल.

चार्जर काढूनही घुमत असेल, तर सेट-टॉप बॉक्सची केबल काढून पाहा. डिशच्या वायरीतूनही असं वेटोळं होतं. वीज गेल्यावरच घुमत असेल, तर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर संशय घ्या.

अर्थची पिन कापून किंवा टेप लावून घुमणं थांबतं, हे खरं आहे. ते करू नका. उपकरणात बिघाड झाला, तर वीज तुमच्या हातातून जमिनीत जाईल.

फरक ऐकताना

जरा मोठा लागलेला आवाज नेहमी चांगलाच वाटतो. त्यामुळे जुनी जोडणी आणि डॅक दोन्ही सारख्या व्हॉल्यूमवर आणून मगच तुलना करा. ढोल-ताशापेक्षा ख्यालाची सुरुवात लावा: तानपुऱ्याची जवारी आणि दोन स्वरांमधली शांतता, तिथे सुरसुर लपत नाही. फरक ऐकू आला नाही, तर डॅक बॉक्स आणि सगळ्या वायरींसह दुकानात घेऊन या, आपण तुमच्याच लॅपटॉपवर लावून पाहू.