मूळ सस्पेन्शनवर पिकअपला मोठे टायर

पिकअप गाडीचे पाटे, स्प्रिंगा, शॉकअप आणि उंची कंपनीतून आली तशीच ठेवून तिला मूळ मापापेक्षा मोठ्या व्यासाचे किंवा जास्त रुंद टायर बसवण्याची पद्धत. लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सुटे भाग) घातलेल्या गाडीत आधी जागा करतात आणि मग टायर निवडतात. इथे जागा ठरलेली असते, टायरने तिच्यात मावायचे असते. सोलापूर जिल्ह्यात अशी मागणी दोन तऱ्हेच्या लोकांकडून येते. एक, डाळिंब, द्राक्षे, कांदा शेतातून बाजार समितीत आणणारे मालवाहू पिकअपवाले. दुसरे, हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारखी डबल कॅब गाडी घरी वापरणारे. पहिल्याला पाणंद रस्त्यात गाडीचे पोट घासायला नको असते, दुसऱ्याला गाडी भरदार दिसायला हवी असते. दोघांचे गणित वेगळे निघते, कारण पहिल्याची गाडी रोज दबलेल्या पाट्यांवर चालते.

माप आणि व्यास

२१५/७५ आर १५ या मापात २१५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि १५ हा डिस्कचा, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या धातूच्या चाकाचा, इंचातला व्यास. डिस्कचे ३८१ मिमी (१५ × २५.४) अधिक दोन भिंतींचे ३२२.५ मिमी मिळून टायरचा व्यास ७०३.५ मिमी होतो. २३५/७५ आर १५ चा याच हिशेबाने ७३३.५ मिमी येतो. फरक ३० मिमी, म्हणजे ४.३ टक्के. गाडी मात्र १५ मिमीच उचलली जाते, कारण वाढलेला निम्मा व्यास धुऱ्याच्या वर जातो. ‘एक नंबर मोठा’ टायर घेऊन चार बोटे उंची मिळेल अशा हिशेबाने आलेला माणूस इथेच नाराज होतो. चार बोटे उंची हवी तर ३१ × १०.५० आर १५ (३१ इंच व्यास, १०.५ इंच रुंदी) पर्यंत जाऊनही ती पुरी होत नाही. हा टायर जवळपास १२ टक्के मोठा आहे आणि मूळ उंचीवर कापाकापी केल्याशिवाय सहसा फिरत नाही.

तोच टायर एका गाडीला माफक आणि दुसरीला जास्त ठरतो. २६५/६५ आर १८ चा व्यास सुमारे ८०२ मिमी. हायलक्सच्या मूळ २६५/६० आर १८ (७७५ मिमी) च्या मानाने ही वाढ ३.४ टक्के, पण व्ही-क्रॉसच्या २५५/६० आर १८ (७६३ मिमी) च्या मानाने ५ टक्के. त्यामुळे ‘शेजाऱ्याच्या गाडीला बसला’ हा पुरावा धरू नये. मूळ सस्पेन्शनवर ३ ते ४ टक्के वाढ बहुतेक गाड्या सोसतात. त्यापुढे प्रत्येक गाडी मोजूनच बोलावे लागते. शिवाय छापील माप सारखे असले तरी दोन कंपन्यांच्या टायरचा खरा व्यास काही मिलिमीटरनी वेगळा भरतो, आणि ऑल टेरेन (डांबर व कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या) टायरचे खांदे, म्हणजे नक्षी आणि भिंत मिळतात त्या कडा, साध्या टायरपेक्षा चौकोनी असतात. घासतो तो खांदाच.

घासते कुठे

रिकामी गाडी सपाट जागी उभी असताना मडगार्ड आणि टायरच्या मध्ये हात सहज जातो. ती जागा फसवी आहे. चाकाला खरी जागा लागते ती वर उचलले जाताना, वळताना आणि ही दोन्ही कामे एकाच वेळी होताना.

पुढे स्टेअरिंग पूर्ण काटल्यावर टायरचा मागचा बाहेरचा खांदा लायनरच्या (मडगार्डच्या आतल्या प्लास्टिक अस्तराच्या) खालच्या टोकाला, जिथे मडफ्लॅपचे स्क्रू असतात तिथे, पोचतो. आतला खांदा चासी, वरचा कंट्रोल आर्म किंवा अँटीरोल बार यांपैकी जे जवळ असेल त्याला लागतो. स्टेअरिंग काटून रिव्हर्स घेताना बंपरचा आतला कोपरा लागतो, आणि हीच तपासणी नेमकी राहून जाते. मागे प्रकार वेगळा. पाट्याचे पुढचे टोक पक्के असते आणि मागचे शॅकलवर (झुलत्या कडीवर) हलते. भाराने पाटा सरळ होऊ लागला की त्याची लांबी वाढते, त्यामुळे धुरा वर जाता जाता थोडा मागेही सरकतो. म्हणून मागच्या टायरची रिकाम्या गाडीत मोजलेली मागची फट भरल्या गाडीत तेवढी राहत नाही. रुंद टायर असेल तर त्याची आतली भिंत पाट्याला किंवा यू बोल्टच्या टोकाला लागू शकते. तिथे कापलेला टायर दुरुस्त होत नाही, कारण भिंतीतल्या दोऱ्या तुटतात.

या भागात त्यात काळी माती भर घालते. पावसाळ्यात सीना-भीमेकाठच्या शिवारात गेलेल्या गाडीच्या टायरवर मातीचा थर चढतो आणि चाक फिरेल तसा तो मडगार्डच्या आत दाबून बसतो. कोरड्या दिवशी २० मिमी फट पुरेशी वाटते, पण चिखलात ती दोन शेते ओलांडेपर्यंतही टिकत नाही. गाडी तशीच रात्रभर उभी राहिली तर थर वाळून विटेसारखा होतो आणि सकाळी पहिल्याच वळणाला लायनरच्या क्लिपा उखडतात. शेतात जाणाऱ्या गाडीला सगळीकडून ३५ ते ४० मिमी मोकळी फट ठेवावी, फक्त डांबरावर चालणारीला २० ते २५ चालते. बारीक नक्षीचा रुंद टायर या मातीत भरून गुळगुळीत होतो आणि मूळ अरुंद टायरपेक्षाही जास्त घसरतो. चिखलासाठीच बदल करायचा असेल तर रुंदीआधी नक्षीतल्या मोकळ्या जागा पाहाव्यात.

मोजणी

टायर विकत घेण्यापूर्वी मूळ टायरवरच मोजणी करावी. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचे अंतर चारही चाकांना आधी रिकाम्या गाडीत घ्यावे. मग आरसीवरच्या एकूण वजनाइतका माल भरून पुन्हा घ्यावे. दोन्हींतला फरक म्हणजे भाराने खाल्लेली जागा. भरलेल्या गाडीचे स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण काटून टायरच्या सर्वात जवळ काय येते ते पाहावे आणि फट मोजावी. शेवटी एक मागचे चाक ठोकळ्यावर चढवून त्या बाजूचा धुरा बंप रबराला (धुऱ्याची वरची हालचाल अडवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत दाबावा. इथे उरलेल्या फटीतून नव्या टायरच्या वाढीव व्यासाचा निम्मा भाग वजा करायचा, रुंदीसाठी आतून-बाहेरून वाढीव रुंदीचा निम्मा. उरले ते खरे.

त्यानंतर एकच नवा टायर पुढे चढवून बघता आला तर उत्तम. त्याच्या दोन्ही खांद्यांना पांढरा खडू फासावा आणि मोकळ्या मैदानात हळू वेगाने दोन्ही बाजूंना पूर्ण वळणे, रिव्हर्स आणि एक गतिरोधक तिरका ओलांडावा. लायनरवर खडू उमटला तर टायर मोठा आहे. उमटला नाही तरी ही तपासणी भरल्या गाडीत पुन्हा करावी. नुसत्या मडफ्लॅपच्या टोकाला लागत असेल तर तो कापून भागते. चासीला किंवा कंट्रोल आर्मला लागत असेल तर माप मागे घ्यावे. काही ठिकाणी पुढची टॉर्शन बार (स्प्रिंगेचे काम करणारी पिळाची सळई) पिळून गाडी वर करून देतात, पण मग ती गाडी मूळ सस्पेन्शनची राहत नाही आणि बॉल जॉइंट लवकर जातात.

भार आणि डिस्क

मालवाहू पिकअपमध्ये सर्वात महाग पडणारी चूक व्यासाची नसून भाराची असते. मूळ टायर एलटी (लाइट ट्रक) किंवा सी (कमर्शियल) जातीचा, जास्त प्लायचा (आतल्या थरांचा) असतो, आणि त्याच्या जागी दिसायला दणकट पण प्रवासी मोटारीच्या जातीचा ऑल टेरेन टायर बसवला जातो. भिंतीवरचा भार क्रमांक वाचावा: १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०६ म्हणजे ९५०, ११२ म्हणजे १,१२०. नव्या टायरचा क्रमांक जुन्यापेक्षा कमी कधीही नसावा. मोठा टायर घातला म्हणून गाडीची माल वाहण्याची क्षमता वाढत नाही, ती आरसीवर आहे तेवढीच राहते. साध्या जातीवरून एलटीवर गेल्यास तोच भार पेलायला हवा जास्त लागते, म्हणून दरवाजाच्या चौकटीवरचे स्टिकर नव्या टायरला जसेच्या तसे लागू होत नाही. टायर कंपनीचा भार-हवा तक्ता घ्यावा. हवा सकाळी थंड टायरमध्ये मोजावी. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो तेव्हा दुपारी मीटर चढलेला दिसतो. ती हवा काढली तर टायर रात्री कमी हवेवर येतो, आणि कमी हवेचा भरलेला टायर दुसऱ्या दिवशी आणखी तापतो.

डिस्कची रुंदीही जुळावी लागते. २३५/७५ आर १५ ला साधारण ६ ते ८ इंच डिस्क चालते. अरुंद डिस्कवर चढवला तर टायर मध्ये फुगतो आणि मधली नक्षी आधी झिजते. कमी ऑफसेटची (चाक जास्त बाहेर बसवणारी) डिस्क किंवा हब आणि डिस्कमध्ये स्पेसरची चकती घालून चाक बाहेर काढले की आत घासणे थांबते, पण वळताना टायर मोठ्या वर्तुळात फिरतो आणि मडगार्डच्या काठाला लागतो. हब बेरिंगवरचा ताण वाढतो तो वेगळा.

मीटर, गिअर, ब्रेक

४.३ टक्के मोठ्या टायरवर मीटर ८० दाखवतो तेव्हा चाके ८३.४ च्या हिशेबाने धावतात. नव्या गाडीचा मीटर मुळात थोडा जास्तच दाखवतो, त्यामुळे हा फरक बराचसा झाकला जातो. किलोमीटर मात्र कमी पडतात: खरे १,००० धावले की सुमारे ९५९ नोंदतात. त्यामुळे ॲव्हरेज आहे त्यापेक्षाही वाईट दिसते आणि ऑइल बदलायला उशीर होतो. चढावर भरलेली गाडी एक गिअर खाली मागते, क्लच जास्त घासला जातो. वजनदार टायर थांबवायला ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो, हा फरक रिकाम्या गाडीत जाणवत नाही. पुढे एक माप आणि मागे दुसरे, असे करू नये. एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) हिशेब बिघडतो आणि फोर बाय फोर लावल्यावर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटणारी पेटी) आवळली जाते.

कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. बेकायदा बदलासाठी कलम १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद आहे. कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला दिलेले माप सर्वात निर्धोक. एमएच १३ पासिंगच्या मालवाहू गाडीला पहिली ८ वर्षे दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेसला जावे लागते, त्यामुळे खाजगी गाडीपेक्षा तिचा बदल नजरेत लवकर येतो. नक्षीची खोली १.६ मिमीपेक्षा कमी नसावी.

बसवल्यानंतर

नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. १२ मिमी नटाला साधारण १०० ते १३० न्यूटन मीटर लागतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. हवेच्या गनने शेवटचा आवळ देऊ नये, आणि ५० ते १०० किमीनंतर पाना पुन्हा लावावा. अलाइनमेंट भरल्या गाडीच्या नेहमीच्या वजनाजवळ करून घेतलेले बरे. टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, ३५२४ म्हणजे २०२४ चा ३५ वा आठवडा. पाचही टायर एकाच सुमाराचे घ्यावेत, पाचवी स्टेपनी. पिकअपची स्टेपनी हौद्याखाली साखळीवर टांगलेली असते आणि मोठा टायर तिथे कधी सायलेन्सरला लागतो, कधी पूर्ण वर न जाता खाली लोंबतो. जुनी लहान स्टेपनी तशीच ठेवली तर मागच्या चाकाला लावून पंक्चरवाल्यापर्यंत हळू जाण्यापुरतीच ती कामाची. लांब नेली तर दोन चाकांतला फरक डिफ्रेन्शियलचे दाते सतत सोसत राहतात.