पार्श्वभूमी : झेल्डाच्या डंजनांवरून इतकी भांडणं का?

निन्टेंडोच्या ‘झेल्डा’ या व्हिडिओ गेम मालिकेतला ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ 12 मे 2023 ला आला. त्यावर सगळं बोलून झालं असं वाटतं, तरी बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या खेळणाऱ्यांत डंजनाचा, म्हणजे कोडी सोडवत पार करायच्या बंदिस्त जागेचा, विषय निघाला की दोन तट पडतातच. एक म्हणतो, यापेक्षा चांगलं कधी झालंच नाही. दुसरा म्हणतो, ही डंजनं नावालाच. ऐकणाऱ्याला हा वाद त्या एका खेळाचा वाटतो. पण त्याचं मूळ 2017 मधल्या एका निर्णयात आहे.

त्याआधीचं थोडक्यात. 1986 च्या पहिल्या खेळात नऊ डंजनं होती, पण आपल्याकडे तो फारसा कुणी पाहिला नाही. नव्वदीत घरोघरी जे कार्ट्रिजवाले गेम होते त्यांत मारिओ आणि काँट्रा. इथल्या बहुतेकांचा झेल्डा सुरू होतो तो थेट स्विच या निन्टेंडोच्या गेमयंत्रावर, आणि स्विच तर भारतात अधिकृतपणे विकायला आलाच नाही. कुणी मुंबईहून मागवला, कुणाच्या दुबईतल्या काकांनी आणला, आणि मग एकच कार्ट्रिज टिळकवाडी ते शहापूर फिरत राहिलं. खेळात मराठी नाही आणि कन्नडही नाही, त्यामुळे निदान इथे तरी पाटीवरून वाद नाही. मात्र 2021 पासून 1998 चा ‘ओकारिना ऑफ टाइम’ स्विचवर वर्गणी भरून मिळू लागला. नवं आधी आणि जुनं नंतर, अशा उलट्या क्रमाने खेळलेली पोरं त्यातून तयार झाली. आजच्या वादात सर्वात मोठा आवाज त्यांचाच.

जुनी डंजनंच खरी, याचा पुरावा म्हणून ही मंडळी पुढे करतात ते ‘ओकारिना’मधलं वॉटर टेंपल नावाचं डंजन. पाण्याच्या तीन पातळ्या, प्रत्येक बदलायला ठरावीक जागी जाऊन धून वाजवायची. तळाशी चालायला लोखंडी बूट लागायचे आणि ते घालायला-काढायला दर वेळी खेळ थांबवून मेनू उघडावा लागायचा. मधल्या मनोऱ्यात पाणी मधल्या पातळीला आणलं की जमिनीतला एक ठोकळा तरंगून वर येतो आणि खाली भुयार दिसतं. पाणी चढलं की सगळ्यांचं लक्ष वर, खाली बघतंय कोण? तिथली चावी राहिली की पुढे कुठेतरी एक दार बंदच राहतं आणि सगळं टेंपल पुन्हा पालथं घालावं लागतं. लोक वैतागले. 2011 च्या थ्रीडी आवृत्तीत बूट एका स्पर्शावर आले, पातळी बदलायच्या जागांकडे नेणाऱ्या रंगीत रेघा भिंतींवर आल्या. गंमत अशी की ज्या टेंपलला सगळ्यांनी शिव्या घातल्या, तेच आज ‘डंजन असावं तर असं’ म्हणून दाखवलं जातं.

मधली बरीच वर्षं साचा तोच राहिला: डंजनात शिरा, तिथे एक नवं हत्यार मिळेल, त्याच हत्याराने तिथली कोडी सोडवा आणि शेवटचा बॉस, म्हणजे तिथला मोठा शत्रू, हरवा. पहिली फट 2013 मध्ये पडली. ‘अ लिंक बिटवीन वर्ल्ड्स’मध्ये हत्यारं दुकानातून भाड्याने मिळू लागली आणि बरीचशी डंजनं हव्या त्या क्रमाने करता येऊ लागली. तेव्हा कुणी फारशी ओरड केली नाही.

ओरड झाली ती मार्च 2017 च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’नंतर. तिथे महत्त्वाच्या सगळ्या शक्ती सुरुवातीच्या पठारावरच हातात दिल्या. वाटलं तर तिथून उठून सरळ शेवटच्या किल्ल्यावर जा. एकदा हे ठरवलं की बाकीचं आपोआप येतं. खेळाडू कुठल्या डंजनात आधी जाईल ते बनवणाऱ्याला माहीत नाही. म्हणजे एका डंजनात मिळालेली वस्तू दुसऱ्यात लागेल असं करता येत नाही, आणि तिसरं पहिल्यापेक्षा अवघडही ठेवता येत नाही. त्यामुळे मोठी डंजनं चारच उरली, ती म्हणजे आत शिरता येणारी चार अवाढव्य यांत्रिक जनावरं. बाकी कोडी 120 श्राइनमध्ये, म्हणजे कोड्यांच्या सुट्या खोल्यांत, वाटून टाकली. श्राइन लहान, रंगरूप सगळ्यांचं एकच, दहा-पंधरा मिनिटांत मोकळे. तक्रारींची यादी तेव्हापासून तीच आहे: जनावरं आतून सारखी दिसतात, बॉस एकाच साच्यातले, चाव्या गेल्या.

यातली चाव्यांची तक्रार खरी आहे. पण ‘सारखी दिसतात’ म्हणणाऱ्यांनी त्या जनावरांवर अन्याय केला. तिथे नकाशा उघडून अख्खी इमारत हलवता येते. हत्तीची सोंड वर-खाली करून पाणी हवं तिथे पाडायचं. उंटाच्या पोटातली तीन दंडगोलं वेगवेगळी फिरवून विजेची वाट जुळवायची. सरडा तर कुशीवर वळवला की भिंतीची जमीन होते. वॉटर टेंपलचीच ही खरी वारसदार, आणि मेनूचा त्रासही नाही. जुन्याचे कौतुक करणारेच नेमके हे विसरतात.

2023 च्या ‘टिअर्स’मध्ये तक्रारी ऐकल्यासारख्या दिसल्या. प्रत्येक टेंपलचं रूप वेगळं, बॉस वेगळे, आभाळातल्या वादळात शिरून गाठायचं विंड टेंपल तर देखणंच. पण आतला हिशेब तोच: चार नाहीतर पाच कुलपं, कुठूनही सुरू करा. क्रम मोकळा ठेवल्याचा फटका गोष्टीलाही बसला. चारही टेंपलनंतर जुन्या युद्धाची तीच हकिकत जवळजवळ त्याच शब्दांत ऐकवली जाते, कारण तुम्ही आधी कुठली ऐकली हे खेळाला ठाऊक नसतं.

सगळ्यात जास्त भांडण होतं फायर टेंपलवरून. रूळ, खाणीतल्या गाड्या, सांधे बदलून पाच घंटांपर्यंत पोचायचं अशी रचना. मन लावून केलेली. पण भिंत चढता येते, आणि दोन पंखे एका स्टिअरिंगला चिकटवले की उडतही जाता येतं. उडता येतंय तर रूळ कशाला की, हा इथला नेहमीचा सवाल. आणि आडवाट काढण्यातच मजा आहे, हेही खरं. पण बेळगावच्या भुईकोट किल्ल्याचा खंदक कुणालाही उडत पार करता आला असता, तर त्या दरवाजाला काय किंमत राहिली असती? बनवणाऱ्यांनी खेळाडूला अडवायचंच नाही असं ठरवलं. मग अडवणारी जागा बांधली कशाला, याचं उत्तर या टेंपलमध्ये सापडत नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये ‘इकोज ऑफ विस्डम’ आला. त्यात वरून दिसणारा जुन्या वळणाचा नकाशा आहे, लहान चाव्या परत आल्यात आणि बॉसच्या दाराला मोठी चावीही. शिवाय पलंगावर पलंग रचून अर्धी कोडी ओलांडायची सोयही आहे. दोन्ही तटांनी हा खेळ आपल्याच बाजूचा म्हणून मोजलाय.