अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग: दोष चाकाचा की गाडीचा?

पावसाळाभर रस्त्यांनी गाडीला यथेच्छ आपटून घेतलेले असते, दिवाळीत मुलाबाळांसह गावी जायचे असते आणि अशा वेळी टायरच्या दुकानात शिरून बहुतेक मंडळी एका दमात ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून टाका’ असे सांगतात. दुकानदारही दोन्हींचे मिळून एकच बिल करतो. त्यामुळे ही एकाच कामाची दोन नावे आहेत, किंवा एक केले की दुसरे आपोआप होते, असा समज इतका घट्ट बसला आहे की स्टेअरिंग थरथरते म्हणून अलाइनमेंट करून घेणारे आणि टायर आतल्या कडेने झिजतो म्हणून बॅलन्सिंग करून घेणारे लोक दर ऑक्टोबरात हमखास भेटतात. दोघांचेही पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो.

बॅलन्सिंग बहुतेकांना माहीत असते, म्हणून ते थोडक्यात सांगतो. टायर आणि रिम मिळून जे चाक होते, त्याचे वजन परिघाभोवती सर्वत्र सारखे नसते. यंत्रावर चाक फिरवून जिथे कमी पडते तिथे पाच-दहा ग्रॅमची वजने लावायची, एवढेच हे काम आहे. वीस ग्रॅमने काय बिघडते असे वाटणाऱ्यांसाठी एक हिशेब देतो. १५ इंची रिमच्या कडेला वीस ग्रॅम वजन जास्त असेल, तर ताशी १०० किलोमीटरच्या वेगाला ते चाकाला सुमारे तीन किलो भाराइतक्या जोराने बाहेर खेचते आणि चाक सेकंदाला चौदा फेरे घेत असल्यामुळे हा हिसका सेकंदाला चौदा वेळा बसतो. वेग निम्मा केला की जोर चौथाईवर येतो. म्हणूनच शहरात वर्षभर शांत असलेली गाडी समृद्धी महामार्गावर ऐंशी-नव्वदच्या पुढे गेली की अचानक थरथरू लागते.

अलाइनमेंटचा वजनाशी काहीही संबंध नाही. चाके गाडीच्या अंगाशी आणि एकमेकांशी कोणत्या कोनात उभी आहेत, याचा तो प्रश्न आहे. यंत्राच्या पडद्यावर टो, कॅम्बर (चाकाचा वरच्या बाजूने आत किंवा बाहेर झुकाव) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा पुढे-मागे झुकाव) असे तीन कोन दिसतात. पण आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत नेहमीच्या कामात फक्त पुढच्या चाकांचा टो बदलता येतो, आणि तोही टाय रॉडची, म्हणजे स्टेअरिंग आणि चाक जोडणाऱ्या दांड्याची, लांबी कमी-जास्त करून. दोन्ही चाकांची तोंडे किंचित आत वळलेली आहेत की बाहेर, हे टो सांगतो. एखादे चाक सरळ रेषेपासून पाव अंशाने जरी वळलेले असले, तरी ते दर किलोमीटरला सुमारे साडेचार मीटर आडवे घासत जाते. नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर हा हिशेब तीन किलोमीटरांवर जातो. गाडी टायर खाते असे आपण म्हणतो, ती अशी खाते.

आता ज्या एका गोष्टीपाशी सगळा गोंधळ होतो, तिच्याकडे येतो. बॅलन्सिंग हा चाकाचा गुण आहे आणि अलाइनमेंट हा गाडीचा. चाक काढून दुसरीकडे लावले की त्याचे बिघडलेले बॅलन्सिंग त्याच्याबरोबर जाते, पण बिघडलेली अलाइनमेंट त्याच कोपऱ्यात मागे राहते आणि तिथे बसवलेल्या नव्या टायरलाही तितक्याच निष्ठेने खाऊ लागते. हे एकदा लक्षात घेतले, तर दुकानदाराला विचारण्याचे निम्मे प्रश्न उरत नाहीत. स्टेअरिंग थरथरत असेल, तर पुढची दोन्ही चाके मागे आणि मागची पुढे लावून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गाडी चालवावी. थरथर स्टेअरिंगमधून निघून सीटखाली आली, तर दोष चाकांतच आहे. पंक्चर काढताना टायर रिमवरून उतरवला असेल, तर बॅलन्सिंग पुन्हा करावे लागते, कारण टायर परत त्याच जागी बसेल याची खात्री नसते. बाहेरूनच स्ट्रिप भरली असेल, तर त्याची गरज नाही. अलाइनमेंटचा या दोन्हींशी संबंध येत नाही. चारही टायर नवे घातले, तर बॅलन्सिंग सक्तीचे आहे. अलाइनमेंट तपासून घ्यावी, कारण जुन्या टायरांना खाणारा कोन अजून तिथेच असू शकतो. उलट टाय रॉड एंड (टाय रॉडच्या टोकाचा सांधा) किंवा चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा आर्म बदलला, तर अलाइनमेंट सक्तीची आहे आणि बॅलन्सिंगच्या नावाने एक पैसाही देण्याचे कारण नाही.

या भेदाचाच एक परिणाम असा की बॅलन्सिंग बिघडले तर गाडी बोलते, पण टो बिघडला तर ती बहुधा गप्प राहते. पुढच्या दोन चाकांचा टो चुकला, तरी गाडी एका बाजूला ओढेलच असे नाही. दोन्ही चाके स्टेअरिंगने जोडलेली असल्यामुळे ती चूक आपसांत वाटून घेतात, गाडी सरळ जाते आणि फार तर सरळ रस्त्यावर स्टेअरिंग थोडे तिरपे धरावे लागते. थरथर नाही, आवाज नाही, तक्रार नाही. चाकांची तोंडे बाहेर वळलेली असतील, तर टायरच्या आतल्या कडेचा रबर मात्र संपत जातो आणि ती कड उभ्या उभ्या पाहिली तर दिसतही नाही. पुढचे चाक पूर्ण वळवून, वाकून, टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावरून हात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर टो बिघडलेला आहे. बाहेरून भरपूर खाचा दिसणाऱ्या टायरची आतली कड १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेखाली गेलेली असू शकते, आणि मागच्या सीटवर मुले घेऊन १२० च्या वेगाने निघालेल्या माणसाला याची कल्पनाही नसते. दोन्हींपैकी अधिक धोकादायक कोणते असे विचाराल, तर माझे मत ठाम आहे: गप्प बसणारे.

गाडी डावीकडे ओढते, ही तक्रार घेऊन लोक थेट अलाइनमेंटच्या यंत्राकडे धावतात. आधी डाव्या-उजव्या टायरांतली हवा सारखी करावी, कारण एका पुढच्या टायरात पाच-सहा पीएसआय कमी असले तरी गाडी तिकडे झुकते. शिवाय पाणी वाहून जावे म्हणून आपले रस्ते मधून उंच आणि कडेला उतरते असतात; डाव्या बाजूने चालणारी गाडी किंचित डावीकडे सरकली, तर तो रस्त्याचा उतार असतो. केवळ ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग हलत असेल, तर दोष बहुधा ब्रेकच्या डिस्कमध्ये आहे आणि टायरवाला त्यात काही करू शकत नाही.

पावसाळ्यानंतरच्या गाड्यांत आणखी एक गंमत असते. रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून चिकटतो आणि तो चांगला पन्नास ग्रॅमही भरू शकतो. चाके आतून धुतल्याशिवाय बॅलन्सिंग करणारा माणूस चिखलाला समतोल देतो, चाकाला नाही. तो चिखल वाटेत गळून पडला की थरथर परत येते. जुनी वजने न काढता त्यांच्याशेजारी नवी चिकटवणाऱ्यांबद्दलही माझे मत फारसे चांगले नाही.

खड्ड्याने केलेली दोन नुकसाने मात्र या दोन्ही कामांनी भरून येत नाहीत. रिमला बाक आला असेल, तर यंत्र वजने दाखवून शून्य आकडा देईलही, पण चाक वाकडेच फिरते. आणि टायरच्या बाजूच्या भिंतीला फुगा आला असेल, तर आतले धागे तुटलेले आहेत, त्यावर इलाज नाही. तो टायर बदलावा आणि ‘हळू चालवा, काही होत नाही’ हा सल्ला ऐकू नये.

दुकानात क्रम असा ठेवावा: आधी हवा, मग बॅलन्सिंग आणि अदलाबदल, शेवटी अलाइनमेंट. हवेचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवरून घ्यावा, पूर्ण भाराचा घ्यावा आणि सकाळी थंड टायरवर तपासावा. टायरवर कोरलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो. अलाइनमेंटपूर्वी टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट यांत ढिलाई आहे का, हे हलवून पाहायला सांगावे, कारण ढिल्या सांध्यावर लावलेला कोन पहिल्याच गतिरोधकावर बदलतो. कामाच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्यावा. तो द्यायला कुरकुर करणारे दुकान मी पुन्हा पाहत नाही. हे सगळे निघण्याच्या आठ दिवस आधी करावे, म्हणजे एकदा मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या पुढे जाऊन खात्री करता येते.

स्टेपनी लोक नेहमी विसरतात. ती गाडीच्या कोणत्याही कोपऱ्यात बसलेली नसल्यामुळे तिला अलाइनमेंट नाही, पण चाक असल्यामुळे बॅलन्सिंग आहे, आणि रात्री दहा वाजता घाटात ती लावल्यावर पुढचे दोनशे किलोमीटर तिच्यावरच काढायचे असतात. अर्थात ती मूळ आकाराची असेल तरच. अनेक गाड्यांत दिलेल्या छोट्या स्टेपनीवर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते आणि ती जवळचे टायरचे दुकान गाठण्यापुरतीच वापरावी.