चुकीच्या बुरशीवर आळ

नेब्रास्कातल्या एका खेड्यातली पोरं मक्याच्या शेतात दडलेल्या कुठल्याशा देवाच्या नादी लागतात आणि गावातल्या मोठ्या माणसांचे मुडदे पाडतात. ‘चिल्ड्रेन ऑफ द कॉर्न’ या १९८४च्या भयपटाची गोष्ट एवढीच. त्याचा दुसरा भाग, ‘द फायनल सॅक्रिफाइस’, १९९३ साली अमेरिकेत लागला. दहा लाख डॉलरच्या आत उरकलेला सिनेमा, नेब्रास्का म्हणून दाखवलेलं नॉर्थ कॅरोलिना आणि यथातथा अभिनय. मी तो एका बैठकीत पाहिला, तो भुतासाठी नाही. मध्येच एक पात्र चक्क विज्ञान बोलायला लागतं म्हणून. पोरांच्या डोक्यात शिरलंय ते सैतान नसेल, मक्यावरच्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, असेल, असा त्याचा तर्क. गावकऱ्यांनी गेल्या वर्षीचा बुरसटलेला मका नव्या मक्यात मिसळून खपवायचा घाट घातलेला असतो.

विष खरं आहे. आळ मात्र चुकीचा आहे.

अफ्लाटॉक्सिनचा शोध टर्कीच्या पिलांमुळे लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पटापट मेल्या. कारण सापडेना, म्हणून रोगाला नाव पडलं ‘टर्की एक्स’. शेवटी माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा आणि तिच्यावरच्या अस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचा. अस्परजिलसचा ‘अ’ आणि फ्लेव्हसचा ‘फ्ला’ घेऊन विषाचं बारसं झालं. अतिनील दिव्याखाली त्याचे काही प्रकार निळे चमकतात, काही हिरवे. म्हणून इंग्रजीतल्या निळ्या-हिरव्याच्या आद्याक्षरांवरून त्यांना बी आणि जी म्हणतात. सगळ्यांत जहाल बी-१.

पण हे विष डोक्यात जात नाही, यकृतात जातं. गंमत अशी की, यकृतातली वितंचकं (एन्झाइम्स) त्याचा निचरा करायला जातात आणि त्याच खटपटीत त्याचं आणखी आक्रमक रूप तयार होतं. ते पेशीतल्या डीएनएला जाऊन चिकटतं. थोडं थोडं पोटात जात राहिलं तर वर्षांनी यकृताचा कर्करोग, एकदम खूप गेलं तर कावीळ, पोटात पाणी आणि मृत्यू. वेडाचे झटके नाहीत, डोळे लाल नाहीत, विळे-कोयते नाहीत. वास नाही, चव नाही आणि भाकरी भाजूनही ते फारसं कमी होत नाही. पडद्यावर दाखवायला अगदीच निरुपयोगी विष.

पटकथाकाराला माणसं भ्रमिष्ट करणारी बुरशी हवी होती, तर अरगट हाताशी होता. युरोपात राय नावाच्या धान्यावर तो पडे. पाव खाल्ला की आचके, भास, हातापायांची आग. एलएसडी या भास घडवणाऱ्या अमली पदार्थाचा जन्मही अरगटातल्याच रसायनांवर काम करताना झाला. १६९२ साली अमेरिकेतल्या सेलममध्ये मुलींना आलेले झटके आणि त्यानंतरचे चेटकिणींचे खटले अरगटामुळे घडले, असा तर्क १९७६ साली मांडला गेला. त्याच वर्षी तो खोडूनही काढला गेला. तर्क मात्र अजून हिंडतो आहे.

आपल्याकडे अरगट बाजरीवर येतो, पण त्याची बुरशी वेगळी, विषही वेगळं. मळमळ, उलट्या, चक्कर आणि भयंकर गुंगी. बाजरीचा अरगट माणसाला आडवं करतो, सुरा घेऊन धावायला लावत नाही. त्यावरचा उपाय शेतकऱ्यांना पाठ असतो: दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचं, त्यात बियाणं ओतायचं, वर तरंगेल ते काढून जाळायचं, तळाचं धुऊन वाळवून पेरायचं.

मक्याच्याच कणसावर, अगदी शेजारी, आणखी एक बुरशी राहते. फ्युजेरियम. मला वाटतं, सिनेमाला खरं तर हीच हवी होती. अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकापासून घोड्यांचा एक रोग ठाऊक होता. बुरसटलेला मका खाल्लेला घोडा एकाएकी आंधळ्यासारखा चालू लागतो, एकाच जागी गोल गोल फिरतो, भिंतीला कपाळ लावून रेटत उभा राहतो आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत मरतो. मेंदू उघडून पाहावा तर आतला पांढरा भाग विरघळून तिथे पोकळ्या झालेल्या. त्यामागचं विष, फ्युमोनिसिन, वेगळं काढता आलं ते थेट १९८८ साली, दक्षिण आफ्रिकेत. ते दिसायला पेशींच्या आवरणात लागणाऱ्या एका स्निग्ध रेणूसारखं असतं. त्यामुळे तो घडवणारं वितंचक फसतं आणि कामच थांबतं.

मात्र हे घोड्यांचं झालं. १९९५ साली अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत लोक आजारी पडले, तेव्हा धान्यात फ्युमोनिसिन सापडलं. लक्षणं काय, तर पोटात कळा, गुडगुड आणि जुलाब. यावर भयपट निघायचा नाही.

मग सिनेमात खरं काय उरतं? मिसळणं. जुना माल नव्यात मिसळायचा. अमेरिकेत माणसाच्या खाण्यात एक अब्ज भागांत २० भाग अफ्लाटॉक्सिन चालतं. त्याहून जास्त असलेला माल चांगल्यात मिसळून आकडा खाली आणायला कायद्याने बंदी आहे. बंदी करावी लागते ती मोह असतो म्हणूनच. १९८८च्या मोठ्या दुष्काळात तिथल्या मक्यात हे विष वाढलं होतं. तहानलेलं पीक, कडक ऊन, किडीने भोक पाडलेला दाणा हे या बुरशीचं आवडतं घर. काढणीनंतर ओल राहिली तर कोठारातही तिचं फावतं. आपल्या बाजार समितीत व्यापारी मूठभर मका मीटरमध्ये टाकून ‘मॉइश्चर’ बघतो आणि १४ टक्क्यांच्या वर काटा गेला की भाव पाडतो. शेतकऱ्याला ते लुबाडणं वाटतं, आणि कधी कधी असतंही. पण १४चा आकडा व्यापाऱ्याने काढलेला नाही, बुरशीने काढलेला आहे.

१९७४च्या ऑक्टोबरात राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात मका काढणीला आलेला असताना पाऊस झाला. कणसं ओलीच घरात आली. आदिवासी घरांत मका म्हणजे रोजचं अन्न, बुरशी दिसली तरी टाकून देणार कुठून? दीडशेहून अधिक गावांत लोकांना कावीळ झाली, पोटं फुगली, १०६ माणसं दगावली. दूधपित्या बाळांना काही झालं नाही, कारण ती मका खात नव्हती. आणि माणसांच्या आधी गावातली कुत्री मरायला लागली होती. त्यांचीही पोटं पाण्याने तशीच फुगली होती. उरलेली भाकरी त्यांच्याच वाट्याला यायची.