झाडीतला जुना भराव: बार्शी लाईटचा की लाकडाच्या ट्रामचा?

श्रावणात सोलापूरहून येडशीजवळच्या रामलिंगच्या देवळात गेलेल्यांपैकी अनेकांनी येडशीच्या घाटात झाडीतून गेलेला तो जुना भराव पाहिला असेल. यंदा आमच्याबरोबर शेजारचे काका आणि त्यांचा नातू होता. भरावावर उभं राहून काका नातवाला सांगू लागले, "इंग्रजांनी जंगलातलं लाकूड न्यायला इथनं रूळ टाकले होते बघ." मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, ही आपली बार्शी लाईट रेल्वे. लाकडाची रेल्वे वेगळी." त्यावर त्यांनी विचारलं, "मग ओळखायचं कसं? झाडी तीच, भराव तसलाच."

प्रश्न रास्त होता. घरी येऊनही तो डोक्यातून गेला नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

बार्शी लाईट रेल्वे ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची कामगिरी. कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ साली सुरू झाला. पुढे १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेतली. लातूरकडे जाणारा तिचा फाटा येडशीच्या घाटातून जायचा. ब्रॉडगेज करताना मार्ग धाराशिवकडून वळवला आणि हा तुकडा मागे राहिला. रूळ निघाले, झाडं वाढली. त्यामुळे आज बघणाऱ्याला वाटतं, ही वाट जंगलासाठीच केली होती.

खरोखर जंगलासाठी केलेली वाट बघायची तर केरळात जावं लागतं. कोचीन संस्थानाने परंबिकुलमच्या जंगलातला साग आणि शिसव खाली चालकुडीला आणण्यासाठी ट्राम बांधली. ती १९०७ साली सुरू झाली आणि १९६३ साली बंद पडली. लांबी साधारण ८० किलोमीटर. घाट इतका उभा की इंजिनाला तो चढणंच शक्य नव्हतं. मग तिथे एक साधी पण जबरदस्त युक्ती केली. उतारावर माथ्याशी मोठं चाक, त्यावरून दोर. दोराच्या एका टोकाला ओंडक्यांनी भरलेले डबे, दुसऱ्या टोकाला रिकामे. भरलेले डबे स्वतःच्या वजनाने खाली उतरताना रिकाम्यांना वर ओढायचे. माणसाने फक्त ब्रेक सांभाळायचा. उतार संपला की पुढच्या सपाटीवर इंजिन डबे ओढून न्यायचं.

आता गोंधळ होतो तो रुळांमधल्या अंतरामुळे. "छोटी लाईन म्हणजे जंगलातली ट्राम" असं आपल्याकडे सर्रास धरलं जातं. या दोघींच्या बाबतीत मात्र उलटं आहे. बार्शी लाईटचे रूळ अडीच फुटांवर, म्हणजे ७६२ मिलिमीटर. कोचीनची ती ट्राम मीटरगेज, म्हणजे पूर्ण १,००० मिलिमीटर. जिला ट्राम म्हणतात तिचे रूळ आपल्या रेल्वेपेक्षा रुंद! नुसती टेप लावून लाकडाची वाट ओळखू येणार नाही.

फरक आहे तो माल कुठल्या दिशेने जातो यात. लाकडाच्या वाटेवर वजन बहुतेक एकाच बाजूने उतरतं: वरून खाली, जंगलातून वखारीकडे. दोराची युक्ती चालते ती त्यामुळेच. बार्शी लाईटला असली सोय परवडली नसती. तिच्यावर बार्शीचा कापूस एकीकडे जायचा, वारकरी दुसरीकडे. आषाढीला पंढरपूरला गेलेली माणसं परतही यायची. दोन्ही बाजूंनी माल आणि माणसं न्यायची तर चढ इंजिनाला झेपेल असाच ठेवावा लागतो. म्हणून ती लाईन डोंगराला वळसे घालत, भराव आणि खोदाई करत सावकाश चढते. कॅलथ्रॉपने एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही हे ठरवून इंजिनं आणि डबे बनवून घेतले, म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता यावा. हा विचार वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्याचा आहे.

लाकूडवाल्याचा हिशोब निराळा. जंगलाचा एक पट्टा संपला की रूळ उचलायचे आणि पुढच्या पट्ट्यात टाकायचे. अमेरिकेत मिशिगनच्या पाइनच्या जंगलात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. तिथल्या एफ्रेम शे नावाच्या लाकूडवाल्याने एक इंजिन घडवलं, १८८१ साली त्याचं पेटंट घेतलं. दांडा आणि दातेरी चाकं यांच्या जोरावर त्याची सगळी चाकं फिरायची, त्यामुळे वाकड्यातिकड्या, कच्च्या रुळांवरही ते हळूहळू चालायचं. रूळ घाईत टाकलेले, काही ठिकाणी तर लाकडाचेच. अशा वाटेवर नंतर उरतं काय? बुटका मातीचा उंचवटा, आणि त्यावर ठरावीक अंतराने आडवे खळगे. रुळांखालचे आडवे लाकडी स्लीपर जागच्या जागी कुजून गेले, त्यांचे ते ठसे. पानं बाजूला केली की पायाला जाणवतात. ओढ्यावरचे पूलही लाकडी असायचे, तेही कुजून जातात.

आणि रेल्वेचा जंगलाच्या लाकडाशी संबंध होता, एवढ्यापुरतं काकांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. सोलापुरात गाडी आली १८६० साली. त्या काळात देशभर रूळ पडत होते आणि स्लीपरसाठी झाडं इतक्या वेगाने पडत होती की १८६४ साली सरकारला वनखातं काढावं लागलं. डीट्रिच ब्रँडिस हा जर्मन माणूस त्याचा पहिला प्रमुख. पण लाकूड खाणारी रेल्वे आणि लाकूड वाहणारी रेल्वे या दोन गोष्टी आहेत. रामलिंगची लाईन लाकूड वाहण्यासाठी नव्हती.

हे सगळं मी काकांना तिथेच, थोडक्यात सांगितलं. मग आम्ही भरावाच्या कडेने उतरून एका मोरीशी गेलो. काळा घडीव दगड, थरावर थर, सांध्यात चुना. वर माकडं, खाली पावसाचं पाणी अजून त्याच मोरीतून वाहत होतं. काकांनी एका सांध्यात नखाने खरवडून पाहिलं. चुना सुटला नाही. मग नातवाकडे वळून म्हणाले, "लाकूड न्यायचं असतं तर एवढा दगड कोण घडवत बसला असता? माझी आई लातूरहून पंढरपूरला जायची, ती याच लाईनीवरनं."