शाळेतील विशेष साहाय्यासाठी अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि आराखड्याची बैठक

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार, शासनाचा निधी किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेने दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश देऊन त्यांच्या गरजेनुसार वाजवी सोयी पुरवणे अपेक्षित आहे. या कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश असून त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातील विशेष अडचण) हीही येतात. ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाणित झाले आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलांना कलम ३१ नुसार परिसरातील शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मात्र ही टक्केवारी मोफत शिक्षणाच्या हक्कासाठी सांगितलेली आहे. वर्गात पुढच्या बाकावर जागा किंवा मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका मागण्यासाठी पालकांनी प्रमाणपत्राची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही.

प्रमाणपत्रासाठी ‘स्वावलंबन’ या केंद्रीय संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. त्यासोबत मुलाचे छायाचित्र, आधार, रहिवासाचा पुरावा आणि उपलब्ध वैद्यकीय अहवाल जोडावेत. नेमून दिलेल्या रुग्णालयातील तपासणीनंतर प्रमाणपत्र आणि दिव्यांग व्यक्तींसाठीचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) मिळते. शाळेत शिक्षकांनी पडताळा सूचीवरून केलेली प्राथमिक नोंद हे निदान नव्हे, त्यामुळे तिच्या आधारे मुलावर कोणताही शिक्का मारला जाऊ नये.

शाळेकडे करावयाचा अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे साध्या कागदावर लिहिला तरी चालतो. त्यात निदानाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष अडचण लिहिणे अधिक उपयोगाचे ठरते : फळ्यावरचे उतरवून घेण्यास किती वेळ लागतो, मधल्या सुट्टीतील गोंगाटाचा त्रास होतो का, स्वच्छतागृहात मदतनीस लागतो का. प्रमाणपत्र व अहवालांच्या छायांकित प्रती जोडाव्यात, मूळ कागद स्वतःजवळ ठेवावेत आणि अर्जाची तारखेसह पोच घ्यावी. तोंडी विनंतीची नोंद कोठेही राहत नाही.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजेच त्या मुलासाठीची उद्दिष्टे आणि ती कशी साधायची याची लेखी योजना. वर्गशिक्षक आणि विशेष शिक्षक यांनी तो पालकांसोबत बसून तयार करणे अपेक्षित असते; प्रत्यक्षात अनेकदा भरलेला नमुना पालकांपुढे केवळ सहीसाठी ठेवला जातो. अशी सही म्हणजे सहभाग नव्हे. आराखडा वाचण्यासाठी वेळ मागण्यास, न पटलेल्या उद्दिष्टापुढे आपले मत लिहिण्यास आणि प्रत मागण्यास पालकांनी संकोच करू नये. ‘वाचन सुधारणे’ असे मोघम उद्दिष्ट असल्यास ते कोण, कोणत्या तासाला, कोणत्या साधनाने साधणार आणि त्याचा आढावा कधी घेणार, हे विचारावे.

मुलाचे म्हणणेही या बैठकीत यायला हवे. कलम ४ नुसार दिव्यांग मुलांना स्वतःशी संबंधित सर्व बाबींवर मोकळेपणाने मत मांडण्याचा समान हक्क असून त्यासाठी वय आणि दिव्यांगत्व लक्षात घेऊन आधार पुरवणे शासनावर बंधनकारक आहे. न बोलणारे मूल चित्रांकडे बोट दाखवून किंवा पर्यायांतून निवड करून आपली पसंती सांगू शकते. मोठ्यांच्या बैठकीत बुजणाऱ्या मुलाशी त्याच्या विश्वासातील शिक्षकाने आधी बोलून त्याचे शब्द जसेच्या तसे नोंदवावेत. परीक्षेत लेखनिक हवा की वाढीव वेळ, या प्रश्नावर आठवीतल्या मुलाला विचारलेच जात नाही, ही खरोखर आश्चर्याची गोष्ट आहे. दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जात असल्याने हा निर्णय लवकर झालेला बरा.

शाळेने दाद न दिल्यास पोचपावतीची प्रत जोडून जिल्हा शिक्षण कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. २०१७ च्या नियमांनुसार दिव्यांग मुलांचे प्रवेश व सुविधा यांसाठी तेथे समन्वय अधिकारी असणे आवश्यक आहे. त्यानंतरही प्रश्न सुटला नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते. शाळा बदलताना दाखल्यासोबत चालू आराखड्याची आणि शेवटच्या आढाव्याची प्रत मागून घ्यावी, म्हणजे नव्या शाळेत सारे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागत नाही.