शेजारची चाहूल

१३ जुलै १९९५. शिकागोत पारा ४१ अंशांवर गेला. नागपूर-चंद्रपूरकडची मंडळी म्हणतील, एवढंच? पण तिथल्या हवेत दमटपणा मुरला होता, रात्रीही गारवा नव्हता आणि विटांच्या जुन्या इमारतींतल्या वरच्या खोल्यांची भट्टी झाली होती. त्या लाटेत नेहमीपेक्षा सुमारे ७३९ माणसं जास्त दगावली. त्यांतली बरीचशी वयस्कर होती, एकटी राहणारी होती. काहींनी तर चोरांच्या भीतीने खिडक्याही आतून बंद करून घेतल्या होत्या.

उतारवयात घाम कमी सुटतो, तहान लागल्याचं उशिरा कळतं, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या अंगातलं पाणी आणखी घटवतात. त्यात उष्म्याने माणूस बरळायला लागला, की आपल्याला काही होतंय हे त्याचं त्याला उमगतच नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं.

समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी शहरातल्या दोन लगतच्या वस्त्या ताडून पाहिल्या: नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकट्या वृद्धांचं प्रमाण जवळपास सारखं. तरी उत्तरेकडे लाखामागे ४० मृत्यू झाले, दक्षिणेकडे ४.

उत्तरेकडचे कारखाने बंद पडले होते, लोक निघून गेले होते, मागे उरले होते ओसाड प्लॉट. म्हाताऱ्या माणसाने खाली उतरावं तरी कशासाठी? दक्षिणेत मात्र दुकानं होती, फुटपाथवर वर्दळ होती. गंमत म्हणजे तिथले बरेचसे एकटे वृद्ध जुने गोरे रहिवासी होते आणि भोवतालची कुटुंबं मेक्सिकोतून आलेली. घरोबा असायलाच हवा होता असं नाही. रस्ता जागता होता, म्हणून पाय घराबाहेर पडत होते.

एसी चालू असणं हे सर्वांत मोठं संरक्षण ठरलं, हेही सांगायला हवं. पण त्याच लाटेच्या अभ्यासात रोज घराबाहेर पडणाऱ्यांचा धोका पुष्कळ कमी दिसला.

मग स्वयंसेवक पाठवून दारं ठोठावली की झालं? १९९९च्या लाटेत शिकागोने एकट्या वृद्धांच्या घरी माणसं पाठवली, आणि मृत्यू बरेच कमी झाले. पण रोजच्या एकाकीपणाचं कोडं जरा अवघड आहे. एकटं असणं वेगळं आणि एकटं वाटणं वेगळं. भरल्या घरातही ते वाटू शकतं. मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांच्या मते ही भावना तहान-भुकेसारखीच आहे. माणसांत जा, असं शरीर सुचवत असतं. मात्र ती फार दिवस राहिली की मन सावध, संशयी होतं. समोरचा चौकशी करतोय की कीव, कळेनासं होतं. 'आजोबा, बरे आहात ना?' या प्रश्नाला मग आतूनच उत्तर येतं, 'बरा आहे.' दार काही उघडत नाही.

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी यातलं काही वाचलेलं नाही. समोरच्या कडीला दुधाची पिशवी आठ वाजले तरी लोंबकळताना दिसली, की त्या वाटी घेऊन बेल वाजवतात. 'विरजणाला चमचाभर दही मिळेल का हो?'

दही त्यांच्या फ्रिजमध्ये असतंच.